शेवटचं बटण

चामोर्शीच्या आठवडी बाजारात, सुकटवाल्यांच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसणारी ती बाई फोनवरचं कंपनीचं कुलूप काढून देते. शेवटचं बटण मात्र ती कधीच स्वतः दाबत नाही.

माझा फोन धडधाकट होता, पण कंपनीने त्याला नवं सॉफ्टवेअर देणं बंद केलं. म्हणे, नवा घ्या! मी चिडून तिच्याकडे गेलो. तिने वायर जोडली, सगळी तयारी केली आणि हात मागे घेतला.

"दाबा भाऊ. फोन तुमचा आहे."

मी दाबलं आणि कुलूप निघालं. मग तिने कंपनीचं नसलेलं, दुसरं सॉफ्टवेअर चढवलं. फोन सुरू होताच पडद्यावर कंपनीचा इशारा आला: या फोनवर भरवसा ठेवू नका. मी दचकलो.

ती खदखदून हसली. "भेता काऊन? आता फोन कंपनीवाल्यायचं आयकत नाई, म्हून ते बोंबलून राह्यले."