पडद्याच्या मागून

परवा रिसालीतल्या आमच्या घरी पोरीनं टीव्हीवर सिनेमा लावला. माझ्या लहानपणच्या एका विनोदी, गाण्यांच्या सिनेमाचाच हा नवा अवतार. सोबत भाजलेले शेंगदाणे होते. हिरो उजव्या हातानं गिटार छेडू लागला तशी मी म्हटलं, "हे चुकलं. जुना हिरो डावखुरा होता."

तिनं मोबाइलवर जुनं गाणं काढलं. "देख ना आई, उजवाच हात आहे. तू उलटं कावून सांगून राहिली?"

शेंगदाण्यांच्या वासात मला मरोद्याचं उघड्यावरच्या सिनेमाचं मैदान दिसलं. सगळे पडद्यासमोर बसलेले, आणि आई मला घेऊन मुद्दाम पडद्यामागे. तिथून सिनेमा आरशातल्यासारखा उलटा दिसायचा, पण बाबांच्या प्लांटकडून येणारा रस्ता दिसायचा. त्या दुपारी प्लांटचा अपघाताचा भोंगा अवेळी वाजला होता. शेजारची माणसं परतली होती, बाबा अजून आले नव्हते.

पलीकडे हशा उसळला की मीही हसायचे.

"आई, तू कावून नाही हासत?"

"हासून राहिली ना मी," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली.

बाबांची सायकल दिसली तेव्हा कुठे तिनं मूठ उघडून मला शेंगदाणे दिले. घामानं ओले झालेले. मी तोंड वाकडं केलं होतं.

"बोल ना, कोणता चांगला? नवा की जुना?" पोरगी विचारत होती.

तिचे बाबा प्लांटमध्ये ड्यूटीवर होते, आणि माझ्या खुर्चीचं तोंड एव्हाना रस्त्याकडच्या खिडकीकडे वळलं होतं.