अकरा पळते, एक उभा

मला खोटं बोलता येत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. त्यांना काय माहीत! माझ्या मामांशी मी गेली तीन वर्षं बिनदिक्कत खोटं बोलतोय.

मामा तिकोणा पेठेचे. भातशेती करायची आणि मोकळ्या दिवसांत लोहगडवाडीच्या हॉटेलांच्या पाट्या रंगवायच्या, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं. पाटीवरची कांदाभजी बघूनच गिऱ्हाईक आत शिरायचं, असा हात. मी लोणावळ्यात, तुंगार्लीला घरी बसून मोबाईल गेमची चित्रं करतो. एका गेमला पळता बैल हवा होता. मला बैल म्हणजे चार पाय आणि शेपूट एवढाच येतो, म्हणून मामांना गळ घातली. त्यांनी आपल्या दावणीचा बैल बघून बघून बारा चित्रं काढली. अकरा पळत्या बैलाची. बाराव्यात तो पळून उभा राहिलेला, मान वळवून बघणारा.

"बघ कसा बघतूय. भाकरी मागतूय लेकाचा," मामा म्हणाले.

गेममधला बैल कधी थांबतच नाही. थांबला की खेळ संपला. बारावं चित्र मी स्कॅनसुद्धा केलं नाही. मामांना मात्र ठोकून दिलं, "सगळी घेतली." बाकीची अकरा सॉफ्टवेअरनं एकाच मोठ्या चित्रात कोंबली. जागा वाचावी म्हणून ते भोवतालचं कोरं कापतं, कुणाला आडवं करतं, कुणाला फटीत बसवतं. त्याला आम्ही स्प्राइट शीट म्हणतो. मूळ कागद वर्षभर कपाटात होते. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत गेले, आणि घातले मीच. दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नाही.

यंदा मामांचा बैल गेला. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"भाचेबुवा, माजी ती चित्रं आणून दे की. भिंतीला लावतो."

"आणतो ना," मी म्हणालो. जीभ झडली कशी नाही माझी!

शीट सापडली. पण कुठलं चित्र कुठं आहे याची नोंद असलेली फाईल जुन्या लॅपटॉपबरोबर गेली होती. आधी आळस केला आणि शीटचे सरळ सारखे चौकोन पाडले, तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला! मग एकेक बैल कडेकडेनं हातानं सोडवत बसलो. दोन रविवार गेले. शिंगांना लावलेलं तेल, शेपटीचे केस, खुरांतून उडालेली ढेकळं. मामांनी काय काय काढलं होतं! काम उरकायच्या घाईत मी हे धड बघितलंही नव्हतं. फार लाज वाटली. बारावं आपणच काढू म्हणून तीनदा बसलो. तिन्ही वेळा बैल आला, मामांचा बैल काही आला नाही. फाडून टाकलं.

अकरा बैल चांगल्या कागदावर छापून घेतले, काचेच्या फ्रेम केल्या आणि तिकोणा पेठेला गेलो. मामांनी ओसरीच्या भिंतीला ओळीनं खिळे ठोकून ठेवले होते. मी मोजले. बारा. मामा धोतराच्या सोग्यानं एकेक काच पुसून फ्रेम अडकवत गेले, आणि शेवटच्या खिळ्यापाशी थांबले.

"उबा कुटंय?"

सांगायचं होतं. देवाशप्पथ, खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंडातून आलं, "तेवढा छापायचा राहिलाय मामा. पुढच्या खेपेला आणतो."

"व्हय, आण सावकाश. घाई न्हाई." त्यांनी खिळा हलवून पक्का आहे ना बघितलं. "पळताना काय, समद्यांनी बघितलाय त्याला. थांबून बघायचा तो फकस्त माज्याकडं."

मामी चहा घेऊन आल्या. मी तो निर्लज्जासारखा पिऊनही आलो.