बर्फाचं पातं, क्लीनर साईड

"पाटील, बाहेर ये. बर्फ काढायचं मशीन आलंय," लोपीस साहेबांनी केबिनच्या दारातून हाक मारली.

मला वाटलं पँट्रीतल्या फ्रीजबद्दल बोलतायत. त्या फ्रीजमध्ये दर आठवड्याला बर्फाचा थर साचायचा आणि तो खरवडायचं काम कसं कोण जाणे माझ्या गळ्यात पडलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊनच बाहेर आलो.

बाहेर ट्रेलरवर एक हिरवा लष्करी ट्रक उभा होता. लष्करातून निवृत्त झालेला, लिलावातून घेतलेला. त्याच्या शेजारी पिवळ्या रंगाचं लोखंडी पातं आडवं पडलेलं. लांबी दहा फूट, उंची माझ्या छातीएवढी. मे महिना होता. पात्याला हात लावला तर चटका बसला.

"हे बर्फाचं?" मी विचारलं.

"थंड देशातलं आहे. ट्रकच्या पुढे लावतात, रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटतात. आपल्याला रेती लोटायची आहे. बू सालेमचं काम आहे." मग लोपीस साहेबांनी आवाज खाली आणला. "नीट कर हे. तुझी फाईल त्यांच्याच सहीवर अडलीय."

त्या फाईलबद्दल आधी सांगायला हवं.

नव्वदच्या दशकाचा शेवट चालू होता. शारजाच्या औद्योगिक भागात आमचं वर्कशॉप होतं. टँकर आणि टिपरच्या बॉड्या बांधायचो, मोडलेले ट्रेलर जोडायचो. लोपीस साहेब मूळचे वसईचे, वर्कशॉप त्यांनीच उभं केलेलं. पण तिथल्या कायद्याप्रमाणे लायसन्सवर एका स्थानिक माणसाचं नाव लागायचं. तो आमचा अरबाब, म्हणजे मालक, बू सालेम. आमच्या सगळ्यांच्या व्हिसाच्या कागदांवर सही त्यांची.

मी कोल्हापुरात चौदा वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधल्या होत्या आणि डिप्लोमाही मेकॅनिकलचा. पण मी आलो तेव्हा कंपनीकडे एकच व्हिसा शिल्लक होता, तो सुताराचा. "ये तर आधी, मग बदलून घेऊ," असं लोपीस साहेब म्हणाले आणि मी आलो. सुताराला बायको-मुलीला आणता येत नव्हतं, त्यासाठी हुद्दा वरचा लागतो. दीड वर्ष झालं होतं. शुक्रवारी फोन केला की माझी सहा वर्षांची जुई विचारायची, "बाबा, तुम्ही तिकडे टेबलं करता का?" सुनंदा फोनवर काही म्हणायची नाही. तिचं ते न म्हणणंच मला जास्त लागायचं.

हुद्दा बदलायचा अर्ज टाईप होऊन फाईलमध्ये पडला होता. लागत होती फक्त बू सालेमची सही. ते माणूस म्हणून दिलदार, पण कामात काटेकोर. "पहले काम देखेगा," एवढंच म्हणायचे. मला ते 'बातिल' म्हणायचे. अरबीत 'प' नाही, म्हणून पाटीलचं बातिल झालं असेल असं मी समजत होतो. एकदा लोपीस साहेबांनी हसत हसत सांगितलं की अरबीत बातिल म्हणजे रद्द, अवैध. कागदोपत्री सुतार आणि हाकेला रद्द, अशी माझी एकूण परिस्थिती होती.

काम काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. बू सालेम मला त्यांच्या जीपमधून धैद गावाच्या पलीकडे घेऊन गेले. तिथे त्यांचा इज़बा होता, म्हणजे उंट-शेळ्या पाळायची वाडी. हायवेपासून इज़ब्यापर्यंत खडी दाबून केलेला सहा किलोमीटरचा रस्ता. वारा सुटला की रस्ता रेतीखाली जायचा आणि पाण्याचा टँकर मध्येच रुतायचा. एकदा दोन दिवस टँकर पोचला नव्हता. शेजारच्या वाडीवरून पिंपं भरून आणून उंटांना पाणी पाजावं लागलं. ते सांगताना बू सालेमचा चेहरा उतरला होता. त्यांना त्यांच्या प्रत्येक उंटाचं नाव पाठ होतं.

वारा कायम एकाच बाजूने यायचा. हायवेकडून जाताना तो ड्रायव्हरच्या बाजूने लागत होता. रेती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला टाकली पाहिजे. वारा येतो त्या बाजूला ढीग केला तर तीच रेती परत रस्त्यावर येते. मी जीपमध्ये बसूनच डायरीत लिहिलं: 'माल क्लीनर साईडला टाकणे.'

कोल्हापुरात आम्ही ट्रकला डावं-उजवं कधी म्हणत नसू. ड्रायव्हर बसतो ती ड्रायव्हर साईड, दुसरी क्लीनर साईड. टायर असो, आरसा असो, चेपलेलं मडगार्ड असो. आमच्या धंद्यात सगळं जग या दोन बाजूंत बसतं.

मग काम सुरू झालं. ज्या सांगाड्यावर पातं डावी-उजवीकडे फिरतं, तो सांगाडा लिलावात आलाच नव्हता. नुसतंच पातं. म्हणून मी पक्का, न फिरणारा सांगाडा बनवायचं ठरवलं. पातं ट्रकपुढे तिरकं बसवायचं. एक टोक पुढे, एक मागे. माल पात्यावरून घसरत मागच्या टोकाकडे जातो आणि त्या बाजूला पडतो. एकच दिशा, पण मजबूत.

सांगाडा चासीला वेल्ड केला नाही. चासी म्हणजे ट्रकचा कणा. त्याला वेल्डिंगचा ताप दिला की पुढे कधीतरी तिथेच तडा जातो. मी बंपर काढला आणि त्याच्याच भोकांत बोल्ट घालून जाड प्लेट बसवली. पातं वर-खाली करायला गल्लीतल्या भंगारवाल्याकडून जुन्या टिपरचा हायड्रॉलिक जॅक आणला. पात्याच्या वजनाने ट्रक पुढे वाकला, म्हणून पुढच्या कमानपाट्यांत दोन-दोन पाटे वाढवले. मागच्या हौद्यात वजन हवं होतं तर लोपीस साहेब म्हणाले, "रेतीच्या गोण्या टाक. या देशात एवढी एक गोष्ट मागावी लागत नाही."

राहिले पात्याखालचे बूट. पातं जमिनीत घुसू नये म्हणून खाली दोन लोखंडी पाय असतात, त्यांना बूट म्हणतात. आमच्या पात्याचे बूट लहानसे होते, गोठलेल्या रस्त्यासाठी केलेले. मऊ रेतीत ते रुतले असते. हा ट्रक चालवणार होता गुल खान, बू सालेमचा पेशावरी ड्रायव्हर, इज़ब्यावरच राहणारा. तो काम बघायला आला होता. बूट बघून म्हणाला, "पाटील भाई, ऊँट का पैर देखा है? चौड़ा है, इसलिए डूबता नहीं." मी उंटाच्या पायाएवढ्या रुंद प्लेटा कापून लावल्या. त्या पुढे शेवटपर्यंत टिकल्या.

मला हे काम मनापासून आवडत होतं. ट्रक ब्रिटिश लष्कराचा, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. दीड वर्षाने तसा ट्रक हाताखाली आला होता. सकाळी त्याच्या केबिनमध्ये चढलो की घरी आल्यासारखं वाटायचं. वेल्डरला मी डायरी बघून सांगितलं, "माल क्लीनर साईड गिरना चाहिए." त्याने मान हलवली आणि तसं केलं. अगदी तसंच केलं.

ट्रायलच्या दिवशी सकाळीच वारा होता. हायवेच्या टोकाला आम्ही जमलो; पाण्याचा टँकरही रस्ता मोकळा व्हायची वाट बघत उभा होता. लोपीस साहेबांनी फाईल बरोबर आणली होती. "खूश असले की तिथेच सही घेऊ," म्हणाले. गुल खान चालवायला बसला, मी शेजारी. पातं खाली सोडलं. ट्रक पुढे निघाला, पात्याने रेती उचलली, रेती सुरेख घसरत डावीकडे गेली, आणि डावीकडून येणाऱ्या वाऱ्याने ती उचलून सगळी माझ्या खिडकीतून आत टाकली.

आधी मला कळलंच नाही. तोंडातली रेती थुंकताना लक्षात आलं की वारा ड्रायव्हर साईडने यायला हवा होता. ड्रायव्हर माझ्या उजवीकडे बसला होता. वारा माझ्याकडून येत होता.

जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं. ट्रकचं उजवीकडे. मी क्लीनर साईड जीपमध्ये बसून लिहिली आणि ट्रकवर बांधली. मागे वळून बघितलं तर लोटलेली रेती पुन्हा रस्त्यावर उतरत होती. चौदा वर्षं बॉड्या बांधलेल्या माणसाने पातं उलटं बसवलं होतं.

आम्ही थांबलो. मागून जीप आली आणि बू सालेम उतरले. ते जन्मभर हिंदी माणसांत वावरलेले, हिंदी चांगलं बोलायचे. "बातिल, हवा उधर से आता है. तुम रेती भी उधर ही फेंकता है?"

लोपीस साहेब माझ्याजवळ आले आणि मराठीत पुटपुटले, "वेल्डरची चूक म्हण. फाईल गाडीत आहे, विसरू नकोस."

मी विसरलो नव्हतो. जुईचं ते टेबलाचं वाक्य मला त्या क्षणीसुद्धा ऐकू येत होतं. पण डायरी माझ्या खिशात होती आणि अक्षर माझं होतं. वेल्डर बिचारा मी सांगितलं तेच करून बसला होता. त्याचाही व्हिसा होता, त्याचीही बायको कुठेतरी फोनची वाट बघत असणार.

"अरबाब, गलती मेरा है," मी म्हणालो. "वेल्डर ने बराबर किया. मैंने उल्टा लिखा." आणि डायरी काढून दाखवली, जीपकडे आणि ट्रकच्या स्टिअरिंगकडे बोट करून समजावलं. "सांगाडा काट के फिर से बनाना पड़ेगा. आठ दिन लगेगा."

बू सालेम डायरीकडे बघत राहिले, जरी त्यांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. लोपीस साहेबांनी आकाशाकडे बघितलं.

तेवढ्यात गुल खान केबिनमधून उतरला. "काटना काहे को?" तो म्हणाला. "ये गाड़ी रात को सोएगा किधर?"

त्याने इज़ब्याच्या दिशेला हात केला.

"जिधर मैं सोता हूँ, उधर सोएगा. इज़बा पे. सुबह मैं उधर से निकलेगा, रास्ता साफ करते-करते हायवे आएगा. टँकर इधर खड़ा रहेगा. फिर साफ रास्ते से अंदर जाएगा. जाते टाइम नहीं, आते टाइम रेती हटाना है."

मला दोन मिनिटं लागली. इज़ब्याकडून हायवेकडे येताना वारा उजवीकडून लागणार. आमचं पातं रेती टाकतं डावीकडे. म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, जिथे हवी तिथेच. मी ठरवल्याप्रमाणे पातं 'बरोबर' बसवलं असतं, तर ते गुल खानच्या उपयोगाचं नव्हतं. ट्रक रोज कुठून निघणार हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. मी स्वतः हायवेकडून गेलो होतो, म्हणून ट्रकही हायवेकडूनच जाईल असं धरून चाललो होतो.

"यल्ला, चलो," बू सालेम म्हणाले.

पातं उचलून आम्ही रेतीवरून इज़ब्यापर्यंत गेलो. लष्करी ट्रकला त्या रेतीचं काही वाटलं नाही. तिथे वळलो आणि पातं सोडलं. रेती डावीकडे घसरली आणि वाऱ्याने ती पुढच्या पुढे लांब नेली. माझ्या खिडकीत एक कण आला नाही. सहा किलोमीटर पूर्ण करून हायवेला आलो तेव्हा मागे काळसर खडीचा रस्ता सरळ दिसत होता. टँकरवाला हॉर्न वाजवत आत गेला.

बू सालेम जीपमधून उतरले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं. "मैंने बर्फ का मशीन खरीदा, तुमने उल्टा लगाया, अल्लाह ने दोनों सीधा किया. खलास. कागज़ किधर है?"

लोपीस साहेब इतक्या चपळाईने गाडीकडे गेलेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. जीपच्या बॉनेटवर फाईल ठेवली. वाऱ्याने कागद उडत होता म्हणून मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. सही करताना बू सालेम म्हणाले, "वेल्डर का नाम बोलता, तो आज साइन नहीं करता." मग कागद माझ्या हातात दिला. "बातिल. सहीह." सहीह म्हणजे अरबीत बरोबर, वैध. नाव त्यांनी पुढेही कधी सुधारलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही ड्रॉईंगवर क्लीनर साईड नाही. डावं, उजवं, आणि गाडीच्या तोंडाकडे दाखवणारा बाण. आणि काम घ्यायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, गाडी झोपणार कुठे? लोक चमकून बघतात. मी उत्तर लिहून घेतो.

तीन महिन्यांनी सुनंदा आणि जुई शारजाच्या विमानतळावर उतरल्या. मी वर्कशॉपचा पिकअप घेऊन गेलो होतो. जुईने माझे हात उलटेपालटे करून बघितले, बहुतेक लाकडाचा भुसा शोधत होती. सामान मागे टाकेपर्यंत सुनंदा सवयीने डावीकडचं दार उघडून आत बसलीसुद्धा.

"अहो, हे स्टिअरिंग माझ्यापुढे कसं?"

"ती ड्रायव्हर साईड आहे," माझ्या तोंडून गेलंच. "तू क्लीनर साईडला ये."

ती जागची हलली नाही. पावणेदोन वर्षांचं न बोललेलं सगळं एकदम बोलली. "इतके दिवस तुम्ही सुतार होतात. आता आल्या आल्या मला क्लीनर करताय?"

मी पुढून वळसा घालून गेलो आणि तिच्यासाठी दुसरं दार उघडलं. उजवीकडचं.