गढूळ बियर आणि बाबांची तुरटी

भोपाळच्या स्टेशनवर लेकीला निरोप देताना बाकीचे बाप पाकिटातून नोट काढतात, नाहीतर डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगतात. माझ्या बाबांनी खिशातून तुरटीचा खडा काढला. पेरूएवढा, रुमालात बांधलेला. "पुण्याचं पाणी कसं असेल, सांगता येत नाही. बादलीत गोल फिरवायचा, मग धक्का नाही लावायचा. वरचं घ्यायचं." गाडी हलली, ते खिडकीबरोबर चालू लागले, आणि मला वाटलं, आता तरी काहीतरी मनातलं बोलतील. बोलले. "तळाला हात नाही लावायचा, मनू!" समोरच्या बर्थवरच्या बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. मला रडू येत होतं, ते हसण्यात गेलं आणि इटारसीला परत आलं.

तुमच्यापैकी जे आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढले, मग ते आज भोपाळात असोत नाहीतर बोस्टनला, त्यांना फिल्टर हाऊसवाले वानखेडे अंकल, म्हणजे माझे बाबा, आठवत असतील. अमरावतीहून नोकरीसाठी आलेले, आणि सबंध टाउनशिपच्या नळाला येणाऱ्या पाण्याची जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर असल्यासारखे वागणारे. कुणाच्याही घरी गेले तरी प्यायच्या आधी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वरच्या क्वार्टरमधले शुक्ला अंकल एकदा वैतागून म्हणाले होते, "वानखेडे जी, पानी है, एक्स-रे नहीं है!" बाबांनी तरी ग्लास पुरता पाहून घेतला आणि मगच प्याले. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, आरपार आणि गढूळ. माझ्या प्रगतिपुस्तकापासून मोहल्ल्यातल्या लग्नाळू मुलांपर्यंत सगळ्यांना हीच फूटपट्टी.

अशा माणसाची मुलगी मी, आणि पुण्यात जाऊन बियर बनवायला लागले.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकले होते, एका छोट्या ब्रूअरीत नोकरी मिळाली. घरी सांगितलं, "फर्मेंटेशनमध्ये आहे." आईने अख्ख्या कॉलनीत सांगितलं, "मनू दवाई के कारखाने में है." बाबांना खरं सांगितलं होतं. त्यांचा दारूवर राग नव्हता. विश्वकर्मा पूजेच्या संध्याकाळी कारखान्यातली कोण कोण माणसं कशी घरी पोचायची, हे त्यांनीही पाहिलं होतं. त्यांची अडचण वेगळीच होती. मी फोनवर माझ्या कामाचा फोटो पाठवला, पिवळीधम्मक, धुकट गव्हाची बियर. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, म्हणे बराच वेळ पाहिला, आणि फोन करून हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हे लोक तुमच्याकडून फिल्टर नाही का करवून घेत?" लागलं मला ते. चव कशी असते, एवढंही विचारलं नाही.

तसं पुण्यात मी स्वतःच गढूळ ठरले होते. "मी चाय पिऊन आली" म्हटलं की घरमालकीणबाई माझं वाक्य चिमट्याने उचलून, धुऊन, पुन्हा माझ्या हातात द्यायच्या. भोपाळात आम्ही मराठी, पुण्यात आम्ही हिंदी. काही महिने मी बोलणं इतकं गाळून घेतलं की मैत्रिणी म्हणायला लागल्या, तू गप्पगप्प का असतेस गं?

मग एकदा आईबाबा पुण्याला राहायला आले, आणि नेमके तेव्हाच माझे परीक्षेचे दिवस चालू होते. तोवर मी दुसऱ्यांच्याच कृतीने बियर बनवायचे. आता ब्रूअरीचे मालक म्हणाले होते, शनिवारी तुझी स्वतःची चाखू, आवडली तर नळावर चढवू, गिऱ्हाइकांना देऊ. म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काचेच्या दोन मोठ्या बरण्यांमध्ये माझी गव्हाची बियर आंबत होती. बाबा स्टूल टाकून समोर बसले. मी त्यांना समजावलं, की हे यीस्ट आहे, ते साखर खातं आणि चव तयार करतं. जरा उबेत ठेवलं तर केळ्याचा वास देतं, जरा गारव्यात ठेवलं तर लवंगेचा. आपण वरून काही घालायचं नसतं.

"म्हणजे जिवंत आहेत हे?"

"हो."

"आमच्याकडे पाण्यात काही जिवंत दिसलं की क्लोरीन सोडायचो," बाबा म्हणाले आणि गंभीर झाले. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले तर डावी बरणी झळझळीत. आतून पलीकडचा गॅस दिसत होता, गॅसवरचा कुकर दिसत होता, कुकरकडे बघणारी आई दिसत होती. तळाला बोटभर जाड पांढरट थर. बुडबुडे बंद. बाबा शेजारी उभे, स्टेशनवरचा तो रुमाल खांद्यावर. मी देवघरात जपून ठेवलेला खडा त्यांना सापडला होता. "एकाच बरणीत फिरवला," ते म्हणाले. "एक तशीच ठेवली, तुलना करायला. आमच्याकडे जार टेस्ट अशीच करतात."

मी काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. भोपाळची सगळी हिंदी उपयोगी पडली, एवढंच सांगते. आई मधे पडली, "अगं, मी बोलली होती त्यांना, हात नको लावू! पण पाणी दिसलं की यांच्या हाताला खाज येते." बाबांनी खांद्यावरचा रुमाल उतरवून हातात घेतला. त्यांना वाटलं होतं, लेकीची परीक्षा आहे, आपल्या हातात एकच विद्या आहे, ती देऊन टाकू. हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं आणि माझा राग तिथेच अडखळला. मी कपात थोडी काढून त्यांना दिली. त्यांनी घोट घेतला. तोंड आवळलं.

"तुरट लागतंय. आणि नुसतं गोड. गव्हाच्या पेजेत तुरटी." मग म्हणाले, "केळं कुठे गेलं?"

मी तळाच्या थराकडे बोट दाखवलं. केळं बनवणारे सगळे खाली बसवले होते, काम अर्धवट टाकून.

बाबा वाकून थराकडे बघत राहिले. जन्मभर जो गाळ त्यांनी उपसून फेकून दिला, त्याच्याकडे त्यांनी एवढ्या अदबीने कधी पाहिलं नसेल. "चालू शिफ्टमध्ये कामगार बसवले मी," ते म्हणाले. युनियनमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला याहून मोठं पाप माहीत नव्हतं. त्यानंतर उजव्या बरणीजवळून ते चवड्यांवर चालायचे आणि आईला जोरात भांडी आपटू देत नसत.

शुक्रवारी उजवी बरणी तयार झाली. मी तळ ढवळून घेतला आणि ग्लास भरून दिला. सवयीने त्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. काहीसुद्धा दिसेना. मला वाटलं, परत तेच ऐकावं लागणार. त्यांनी नाक जवळ नेलं. "केळं. मागून लवंग." मग प्याले, सावकाश, संपेपर्यंत, आणि मिशीला फेस तसाच ठेवून म्हणाले, "आरपार नाही. पण खरी आहे." शनिवारी मालकांनाही आवडली, नळावर चढली. पण खरं सांगू, माझी परीक्षा शुक्रवारीच झाली होती.

गेल्या हिवाळ्यात भोपाळला गेले, बॅगेत स्वेटरांच्या मधे चार बाटल्या. आईबाबा आता बिट्टन मार्केटजवळच्या फ्लॅटमध्ये राहतात. रिटायर झाल्यावर क्वार्टर परत करावा लागतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या क्वार्टरवरून जाऊन आले. खिडकीत दुसऱ्याच कुणाचे पडदे, आणि आईच्या जाईला दुसरंच कुणी पाणी घालतं. ज्यांचं घर कारखान्याकडून मिळालं आणि कारखान्यालाच परत गेलं, त्यांनी परतायचं तरी कुठे, असं मनात आलं.

संध्याकाळी शुक्ला अंकल आले. आईने "दवाई के कारखाने की है" म्हणत ग्लास पुढे ठेवला. अंकलनी इतक्या वर्षांचा सूड उगवला. ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वानखेडे जी, ये तो गंदला है!"

बाबा उठले. त्यांनी बाटली उचलली, तळाला राहिलेलं घोटभर गोल गोल फिरवलं, अगदी तुरटी फिरवायचे तसंच, आणि शुक्ला अंकलच्या ग्लासात शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं.

"ऊपर-ऊपर का क्या पीते हो, शुक्ला जी. असली माल तली में है. हमारी बिटिया ने बनाया है."

आता कुणी विचारलं, घर कुठे, तर मी पुण्याचाही पत्ता सांगत नाही आणि क्वार्टरचा नंबरही सांगत नाही. माझं घर तळाला बसलेलं आहे. बाबा असे मधूनमधून बाटली हलवतात, की ते वर येतं.