डागावर घरी प्रयोग करू नयेत

लाँड्रीवाले मामा कपड्यांशी मायेने वागत, पण माणसांपुढे त्यांचा जमदग्नी व्हायला वेळ लागत नसे. घरी डाग काढायची खटपट करून मग कपडा आणणारं गिऱ्हाईक दिसलं, की त्यांची तळपायाची आग मस्तकात जाई. बरोबरच होतं त्यांचं. लिंबू चोळायचं, मीठ टाकायचं, वरून इस्त्री फिरवायची. मग डाग कपड्यात घर करून बसणार नाही तर काय? म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवून भिंतीवर लावली होती: 'डागावर घरी प्रयोग करू नयेत. कपडा आहे तसा आणावा.'

मामींचा बाप्तिस्मा होऊन नऊ वर्षं झाली होती. दर रविवारी मामा त्यांना चर्चच्या दारापर्यंत पोचवत आणि स्वतः बाहेर बाकावर बसून आतली गाणी गुणगुणत. येशूवर त्यांचा विश्वास होता, स्वतःवर नव्हता.

"असल्या तोंडाने देवाकडे जाऊ? सलग सात दिवस कोणावर ओरडलो नाही, की मीच चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणेन, मलाही बाप्तिस्मा द्या," असं ते नऊ वर्षांपूर्वी म्हणाले होते. तेव्हापासून शांततेत गेलेल्या प्रत्येक दिवसावर ते दुकानातल्या कॅलेंडरवर फुली मारत. उच्चांक चार दिवसांचा होता, आणि त्यातले दोन दिवस त्यांचा घसा बसलेला होता. आत मामी शेजारच्या जागेवर पर्स ठेवून बसत. कोणी विचारलं तर म्हणत, "आमचे हे येणार आहेत."

यंदा पाळकसाहेब निवृत्त होणार होते. येत्या रविवारी त्यांच्या हातचे शेवटचे बाप्तिस्मे होते, आणि मामांना आपला बाप्तिस्माही त्याच हातांनी हवा होता. त्यांनी कंबर कसली. बुधवारी एकाने पावती हरवली, तरी मामा नुसतं "असू दे" म्हणाले. मामींना वाटलं, ताप आला की काय. शुक्रवारी सहावी फुली पडली.

शनिवारी दुपारी खुद्द पाळकसाहेब पांढरा झगा घेऊन आले. "उद्या लागणार आहे. बाहीवर कॉफी सांडलीय," ते हळूच म्हणाले.

मामांनी बाही उजेडात धरली, मग हुंगली.

"लिंबू?"

"थोडंसं."

"आणखी?"

"टूथपेस्ट. मग जरा इस्त्री फिरवली."

झालं. सहा दिवसांचा साठा एकदम बाहेर पडला. "अहो, पण सांगितलं कोणी हे उद्योग करायला? तडक इथे यायला काय धाड भरली होती?"

"लाज वाटली हो. म्हटलं, थोडा तरी स्वच्छ करून न्यावा."

"तुम्हीच स्वच्छ करणार, तर मी काय माश्या मारायला बसलोय? मळलेलं आणायला लाज कसली? धुणं माझं काम आहे. तुम्ही फक्त आणून द्यायचं!"

शेजारचा दुकानदार डोकावून गेला. मामांची नजर कॅलेंडरकडे वळली आणि ते मटकन स्टुलावर बसले. "गेला. सातवा गेला," ते पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मागच्या टेबलावर कपडे इस्त्री करणाऱ्या मामींनी इस्त्री उभी करून ठेवली. "अहो, धुणं कोणाचं काम म्हणालात?"

"चुकलंच माझं. मागतो त्यांची माफी."

"मागा, मागायलाच हवी. पण आधी ती पाटी वाचा." मामी भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नऊ वर्षं घरच्या घरी लिंबू चोळताय. फुल्या मारून राग गेला? धुणारा येशू आहे, तुम्ही नाही. त्याच्याकडे आहे तसं जायचं, एवढीच वाट आहे."

मामा पाटीकडे बघतच राहिले. नऊ वर्षं ही अक्षरं दुसऱ्यांना दाखवून झाली होती. मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. पाळकसाहेबही हसू लागले, आणि इतकं हलकं मामांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

रविवारी बाहेरचा बाक रिकामा होता. मामा चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात कंबरभर पाण्यात उभे होते. तीनदा धुऊनही पाळकसाहेबांच्या बाहीवर फिकट पिवळा ठिपका राहिलाच होता, आणि मामांची नजर नेमकी तिथेच.

"तयार आहात?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. "आहे तसा आलोय."

ओल्या केसांनी ते हौदातून बाहेर आले, तेव्हा मामींनी शेजारच्या जागेवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.