सहा आकृत्यांचा कागद

माझी सवत म्हणजे एक कागद. पेणच्या दवाखान्यात टेबलावर ठेवलेला, सहा आकृत्यांचा.

ह्यांना स्किझोफ्रेनिया आहे. आजारपणात डोलवीच्या कारखान्यातलं काम सुटलं आणि माझ्याकडे बघणंही सुटलं. मी चहा पुढे केला की हे कपाकडे बघत. नवऱ्याने एकदा नीट बघावं म्हणून मी काय काय केलं ते सांगत नाही, लाज वाटते. पाहिलेलं ह्यांच्या किती लक्षात राहतं, त्याची चाचणी डॉक्टरांनी करायला सांगितली. मला कोपऱ्यात बसू दिलं होतं. चाचणी घेणाऱ्या तरुण बाईंनी तो कागद समोर धरला आणि हे चांगले दहा सेकंद पापणी न हलवता बघत राहिले. मग कागद पालथा, आणि आठवतील त्या आकृत्या जागच्या जागी काढायच्या. असं तीनदा. पहिल्यांदा एक जमली, शेवटी तीन. बाई म्हणाल्या, "छान." हे चक्क लाजले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर येऊन बाईंनी मला समजावलं, "एकदा पाहून त्यांच्या मनात ठसत नाही. तीच गोष्ट, त्याच जागी, पुन्हा पुन्हा दाखवा." बाई ह्यांच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्याबद्दल बोलत होत्या. मी मात्र स्वतःलाच दाखवायचं ठरवलं.

निडीला घरी रोज संध्याकाळी हिरवी साडी नेसून मी ह्यांच्या खुर्चीसमोर, खिडकीपाशी उभी राहायचे. मनात दहा मोजायचे. हे खिडकीबाहेर बघायचे. शेजारीण म्हणाली, "एकच साडी हाय का गो तुज्याकडं?" मी म्हटलं, "व्हय, एकच." भात झोडून झाला तरी ह्यांच्या तोंडून अवाक्षर नाही. त्या मेल्या कागदाला तीन फेऱ्या पुरल्या होत्या.

पुन्हा चाचणीचा दिवस आला. त्या बाईंसमोर जायचं म्हणून मी ठेवणीतली गुलाबी साडी नेसले. बाईंनी नवा कागद समोर धरला. ह्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हिरवी का नाय नेसलीस?"

"कागदाकडे बघा," बाई म्हणाल्या. हे माझ्याकडेच बघत होते. वेळ संपला, कागद पालथा झाला. त्या फेरीत ह्यांना एकही आकृती काढता आली नाही. बाईंनी शून्य लिहिलं आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. मी तोंडाला पदर लावून हसत होते.