चकोलेकाका आणि मिलचं वायफाय

पासवर्ड टाकताना चकोलेकाका खांद्यावरचा दुपट्टा काढून कीबोर्डवर टाकायचे आणि त्याखाली हात घालून टाइप करायचे. मी कामाला लागले त्या दिवशी दुकानात आम्ही दोघंच होतो, म्हणजे तो पडदा माझ्यासाठीच होता. मला राग आला. पण दुपट्ट्याखाली त्यांचीच बोटं चुकली, आणि चुकल्यावर त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला हसू दाबावं लागलं.

तुमसरला एका राइस मिलला लागून त्यांचं ऑनलाइन अर्जांचं दुकान होतं. गाळा मिलमालकाचा आणि भाड्यातच मिलचं वायफाय. पत्र्याच्या शेडांमुळे मोबाइलचं नेटवर्क तिथे धड येत नसे, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. सरकारी केंद्रावर धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते, ती करायला शेतकरी आमच्याकडे येत. ज्या मालकाला तेच धान आपल्या मिलमध्ये हवं, त्याच्याच वायफायवरून ही नोंदणी व्हायची. काकांची झोप उडायला एवढं पुरेसं होतं.

"दुसऱ्याच्या बांधीतून आपल्या बांधीत पानी न्याचं असन तं काय करशीन तू?" त्यांनी मला एकदा विचारलं. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. "उघडं सोडलं का तो वळवते. नळी टाकाची. पानी त्याच्याच बांधीतून जाते, पर त्याच्या हाती लागत नाई." त्यांची नळी म्हणजे दुकानातल्या संगणकापासून सिहोऱ्याला त्यांच्या घरच्या संगणकापर्यंत काढलेला एक सुरक्षित बोगदा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्यांनी प्रॉक्सी, म्हणजे ये-जा करायची वाट, म्हणून त्या बोगद्याचं तोंड दिलं होतं. सगळं मिलच्या वायफायवरूनच जायचं, पण कुलूपबंद. ते उघडायचं थेट सिहोऱ्याला. बोगदा तुटला की ब्राउझर काहीच दाखवत नसे आणि रांगेतले लोक कुरकुरत. काका म्हणत, "नाई चाललं तं नाई चाललं. चोराच्या हातून कायले चालवाचं?" त्या सेटिंगला हात लावायची मला सक्त मनाई होती.

तरीही बातमी फुटली. ऐन हंगामात, नोंदणी करून गेलेल्या शेतकऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी मिलचा मुनीम हजर. "केंद्रावर बारदाना नाई, भराले पोतेच नाई. पडून राहीन तुमचा धान. आमालेच द्या." घाबरून काहींनी देऊनही टाकलं. शेतकरी येऊन विचारू लागले, "मुनीमले कोनं सांगतलं?" काका माझ्याकडे पाहत राहिले. माझा दीर त्याच मिलमध्ये कामाला आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

मग एके सकाळी म्हणाले, "सुनीता, माहेरी जाऊन ये. लय दिस झाले गेली नाईस."

मला फार बरं वाटलं. दिघोरीला आईला सांगितलंसुद्धा की मालक बोलायला तिरसट असला तरी मनाने चांगला आहे. तिसऱ्या प्रहरी दिराचा फोन आला. "वहिनी, काका मले विचारून राहिले, तुमी मिलच्या लोकायसंग बोलता का म्हनून." तेव्हा कळलं, ती सुट्टी नव्हती, माझी परीक्षा होती. मी आईजवळ बसून रडले. काम गेलं असतं तर दुसरं मिळालं असतं, पण फितूर म्हणून नाव झालं असतं तर तुमसरात कोणी दारात उभं केलं नसतं.

परत आले तेव्हा दुकान भरलेलं होतं. मला पाहताच काका उठून उभे राहिले.

"ऐका सारे. सुनीता इथं नवती तरी मुनीम लोकायच्या घरी गेलाच. मंग मी सेटिंग उघडून पाहिली. गफलत माही आहे."

सेटिंगमधल्या एका चौकटीवर टिक करायची त्यांच्याकडून राहून गेली होती. त्यामुळे बाकी सगळं बोगद्यातून जात असलं, तरी कोणतं संकेतस्थळ उघडायचं त्या नावाची चौकशी उघड्यावर, मिलच्या राउटरकडेच होत होती. मुनीम मिलमधल्या आपल्या जागेवर बसून नोंदणीच्या संकेतस्थळाचं नाव पाहायचा आणि समोरच्या खिडकीतून आमच्या खुर्चीवर बसलेला माणूस.

"पानी नळीतून नेलं," काका म्हणाले, "आन् ते कुठं न्याचं हे त्यालेच विचारत बसलो. साऱ्यायवर शक केला, सोतावर नाई केला." मग माझ्याकडे वळले. "आता रोज मी बसाच्या आधी माही सेटिंग तू तपासाची. तू हो म्हनशीन तवाच मी हात लावीन."

गेल्या उन्हाळ्यात ते वारले, तोवर हा नेम त्यांनी मोडला नाही. माझा राग मात्र त्या दिवशी गेला नव्हता. दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या जागेवर बसले आणि तपासायला मुद्दाम खूप वेळ लावला. काका बाजूला उभे होते. रांगेतल्या एकाने त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तिचं होऊ दे आधी."